घोडा म्हणजे कुठला घोडा? वेस्टर्न मालिका मराठीत आणणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सबटायटल लिहिणारे, डबिंगच्या संहिता करणारे आणि त्या तपासणारे सर्वजण

सप्रेम नमस्कार.

अमेरिकी टीव्हीवरची एखादी वेस्टर्न मालिका, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पश्चिम अमेरिकेतल्या बंदूकबाजांची गोष्ट, मराठीत उतरवायचं काम तुमच्यापैकी कुणाकडे आलं असेल किंवा उद्या येईल, त्यांच्यासाठी हे पत्र. घोडे, टोप्या, धूळ हे सगळं चित्रातच असतं, त्याला तुमची गरज नाही. तुमच्या हातात येते ती एकच नाजूक गोष्ट: दोन बंदूकबाज मित्र एकमेकांशी कसे बोलतात. अडचण ही, की ते फारसं बोलतच नाहीत. मग मराठी संहितेत त्यांना बोलतं केलं जातं, गळ्यात गळे घातले जातात, आणि मूळ मालिकेत ज्यावर सगळा डोलारा उभा आहे ती गोष्टच खाली बसते.

उदाहरण घेऊ. ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ ही मालिका सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर १९९८ ते २००० या काळात आली. भाग जेमतेम २२. पहिल्याच भागात एक जमाव नेथन जॅक्सनला लटकवायला गावाबाहेरच्या दफनभूमीकडे ओढत नेतो. नेथन पूर्वीचा गुलाम, आता लोकांवर औषधोपचार करणारा. त्याच्याकडे आलेला एक जखमी गँगरीननं दगावला, एवढाच त्याचा गुन्हा. व्हिन टॅनर तिथल्या दुकानात नोकर आहे, हातात झाडू. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काळ्या कपड्यांतला ख्रिस लॅराबी. दोघांची ओळखदेख नाही. व्हिन दुकानातली रायफल उचलून बाहेर येतो, दोघांची नजरानजर होते, मान किंचित हलते आणि दोघं शेजारी शेजारी चालू लागतात. पुढे दोन वर्षं जी मैत्री चालते ती एवढ्यावर.

या जागी संहितेत काही घालू नका. ‘चल’ सुद्धा नको. डबिंगमधली एक सवय आपल्या सगळ्यांना माहीत आहे: पात्र पाठमोरं झालं किंवा कॅमेरा लांब गेला, ओठ दिसेनासे झाले, की तिथे एखादं वाक्य खुपसायचं. प्रेक्षकाला कळलं नाही तर, म्हणून. विनोदी मालिकेत ते चालून जातं. इथे ‘एकटा जाऊ नकोस, मी येतो’ असं एक वाक्य पडलं तरी दोन अनोळखी माणसांनी एकमेकांना पारखलं हे जाऊन दोन जुने शेजारी बाजाराला निघाले असं दिसतं. शांतता लांबली की ध्वनिमुद्रणात ‘हं’, सुस्कारा, घसा खाकरणं असं काहीबाही भरलं जातं, त्यालाही हेच लागू. संहितेत त्या जागी वेळ टाका आणि पुढे ‘आवाज नाही’ असं स्पष्ट लिहा. रिकामं ठेवलंत तर कुणीतरी राहून गेलं समजून भरून टाकेल.

त्याच भागात पुढे सेमिनोल या मूळ अमेरिकी जमातीच्या वस्तीच्या बचावासाठी सातजण उभे राहतात. एझ्रा स्टँडिश हा जुगारी ऐनवेळी सटकतो आणि मग परत येऊन उपयोगी पडतो. लढाई संपल्यावर ख्रिस त्याला एकच वाक्य ऐकवतो: पुन्हा मला सोडून पळायचं नाही. आभार नाहीत, माफी नाही, समजूत नाही. या एका वाक्यावर थोडं थांबू, कारण सगळ्या अडचणी यात आहेत.

इंग्रजीत नकार पहिल्याच शब्दात येतो, म्हणजे नटाचा चेहरा सुरुवातीला आवळतो आणि शेवटाला सैल होतो. मराठीत ‘नको’, ‘नाही’ शेवटी. चेहरा आधी कडक आणि शब्द नंतर कडक अशी ओढाताण होते. ‘परत असा मला सोडून पळालास तर याद राख’ हे पहिल्यांदा सुचतं. ते वाईट, कारण त्यात धमकी आहे, आणि ख्रिसला धमकी द्यायची असती तर त्यानं शब्द वापरलेच नसते. ‘मला पुन्हा कधीही सोडून जाऊ नकोस’ हे त्याहून वाईट, ते रेल्वे फलाटावरचं वाटतं. मूळ वाक्याला बोलताना नऊ-दहा ठोके लागतात (‘प-रत’ म्हणजे दोन ठोके, असे). ‘परत टाकून पळायचं नाही’ मोजून पाहा: नऊ. ‘मला’ गेलं तरी कुणाला टाकून ते समोर उभंच आहे. ‘परत’मधला ‘प’ आणि ‘पळायचं’मधला ‘प’ ओठ मिटवतात, तेव्हा जवळच्या चित्रात नटाचे ओठ कुठे मिटतात ते पाहून शब्द एखाद्या ठोक्यानं मागेपुढे सरकवता येतात. आणि मुख्य म्हणजे ‘पळायचं नाही’ या रचनेत कर्ताच नाही. घरातली वडीलधारी माणसं ‘उंबऱ्यावर बसायचं नाही’ म्हणतात तसं ते नियमासारखं येतं. नियम घरच्यांनाच लावतात, म्हणजे एझ्राला त्या वाक्यानं टोळीत घेतलं. हे मराठीत फुकट मिळतं, इंग्रजीत नाही.

तसंच फुकट मिळणारं दुसरं हत्यार म्हणजे तू, तुम्ही आणि आपण. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, त्यामुळे संहितेचं पहिलं काम कागदावर तक्ता करण्याचं: कोण कोणाला काय म्हणतो, आणि कुठल्या भागात ते बदलतं. तक्ता न करता भागवार कामं वाटली तर तिसऱ्या भागात ‘तुम्ही’ असलेला माणूस चौथ्यात ‘तू’ होतो आणि सहाव्यात परत ‘तुम्ही’. प्रेक्षकाला वाटतं मधे भांडण झालं.

‘गनस्मोक’ पाहा. १९५५ ते १९७५, वीस मोसम, ६३५ भाग. कॅन्ससमधलं डॉज सिटी, मार्शल मॅट डिलन. त्याचा पहिला सोबती चेस्टर, एका पायानं लंगडा, १९६४ पर्यंत होता. तो डिलनला कायम आडनावानं, मान देऊन हाक मारतो. हा ‘डिलनसाहेब, तुम्ही’. त्यानंतर नियमित आला तो फेस्टस, डोंगराळ मुलखातला, निरक्षर, रूथ नावाच्या खेचरावर बसणारा. तो त्याच माणसाला पूर्ण पाळण्यातल्या नावानं ‘मॅथ्यू’ म्हणतो, जे गावात दुसरं कुणी म्हणत नाही. हा ‘मॅथ्यू, तू’. दोघंही डिलनसाठी गोळी खायला तयार, पण एकाची निष्ठा चाकरीतून आलेली आहे आणि दुसऱ्याची बरोबरीतून. दोघांना सरसकट ‘तुम्ही’ दिलंत तर फेस्टस हा चेस्टरच्या जागी भरलेला नवा शिपाई होऊन बसतो.

फेस्टस आणि गावचा डॉक्टर डॉक ॲडम्स यांचं सतत वाजत असतं. डॉक वयानं, शिक्षणानं मोठा. व्याकरणाच्या हिशेबानं त्याला ‘तुम्ही’ हवं, पण अहोजाहो करत भांडण रंगत नाही. इथे खेड्यातला रिवाज कामी येतो: पारावर रोज बसणारा म्हातारा कितीही मोठा असला तरी त्याला तोंडावर ‘म्हाताऱ्या’ म्हणणारा एकजण असतोच, आणि त्या म्हाताऱ्याला ताप आला की रात्री तोच उशाशी बसलेला असतो. फेस्टसनं डॉकला ‘तू’च म्हणावं. बोली मात्र जपून. त्याला वऱ्हाडी, मालवणी किंवा आगरी दिली की कॅन्सस संपलं आणि हास्यजत्रा सुरू झाली. शिवाय आपल्याकडे बोली आली की पात्र खुळं, हा हिशेब डबिंगमध्ये फार पक्का बसलाय. फेस्टसला अक्षर वाचता येत नाही, पण माग वाचता येतो. वाक्यं आखूड, शब्द शेतातले, क्रियापदं साधी ठेवली की काम होतं. जिल्हा कळायची गरज नाही.

एझ्राचं उलटं. तो दक्षिणेतला, अलंकारिक बोलणारा, सगळ्या सोबत्यांना आडनावानं आणि आदरार्थी हाक मारतो. ‘श्री. लॅराबी’ लिहू नका, ते बँकेचं पत्र वाटतं. ‘लॅराबीसाहेब’ आणि ‘आपण’ द्या. हे ‘आपण’ म्हणजे त्याचं चिलखत आहे, आत कोणी येऊ नये म्हणून घातलेलं. ते शेवटपर्यंत उतरवू नका. उतरवायचंच असेल तर जेडी डनचं उतरवा. सातांतला हा पूर्वेकडून आलेला पोरगेला मुलगा त्यांच्यातल्याच बक विल्मिंग्टनला सुरुवातीला ‘तुम्ही’ म्हणेल आणि एका दिवशी ‘तू’. तो दिवस तुम्ही निवडायचा, एकदाच, आणि त्यावर कोणी काही बोलायचं नाही.

आता संबोधनं. ‘मित्रा’ हा शब्द मराठी माणूस मित्राला तोंडावर म्हणत नाही. तो जाहिरातीत आणि भाषांतरातच भेटतो. ‘दोस्ता’चं तेच. ‘यार’ हिंदी कॉलेजातून आलेला, ‘भावा’ कोल्हापूर-सांगलीहून निघून आता मोबाईलभर झालेला. १८७५ च्या टेक्सासात ‘भावा’ ऐकलं की पुढे ‘नाद खुळा’ येईल अशीच वाट बघितली जाते. ‘राव’ जवळ जातं, पण त्यात एक थट्टेचा सूर आहे. आणि नाव तोडून जवळीक दाखवायची आपली पद्धत इथे लावायला जाल तर व्हिनचा ‘विन्या’ होईल. दहापैकी आठ वेळा संबोधन गाळून टाका, उरलेल्या दोन वेळा नाव घ्या.

एक जुना शब्द मात्र राखून ठेवण्यासारखा आहे: गडी. ‘गडी’ म्हणजे घरचा नोकर हा अर्थ पुढे येतो खरा, पण हुतूतूतला गडीही आहे, सवंगडीही आहे. वाइल्ड बिल हिकॉक २ ऑगस्ट १८७६ ला डेडवुडमध्ये पत्ते खेळताना पाठीमागून गोळी लागून मेला. त्याचा सोबती चार्ली अटर यानं थडग्याच्या लाकडी फळीवर मारेकऱ्याचं नाव, तारीख आणि खाली एक ओळ लिहिली: पार्टनर, शिकारीच्या सुखाच्या रानात पुन्हा भेटू, मग ताटातूट नाही. एचबीओच्या ‘डेडवुड’मध्ये (२००४ ते २००६) हे दोघं आहेत. मूळ फळीवर ‘पार्टनर’चं तोडकं, त्या मुलखातलं रूप आहे. तिथे ‘गड्या’ बसतं, कारण जिवंतपणी जे म्हटलं नाही ते मेल्यावर लिहिलंय. हा शब्द प्रत्येक भागात उधळलात तर त्या फळीवर लिहायला तुमच्याकडे काही उरणार नाही.

आता शीर्षकातला घोडा. मराठीत रिव्हॉल्वरच्या मागच्या हातोडीला घोडा म्हणतात, काहीजण चापालाही घोडाच म्हणतात, आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत सबंध पिस्तूलच घोडा. वेस्टर्नमध्ये खरा घोडा प्रत्येक प्रसंगात बाजूला बांधलेला असतो. ‘त्यानं घोडा ओढला’, ‘घोडा तयार ठेव’, ‘माझा घोडा कुठंय’ यातलं एकही वाक्य सुरक्षित नाही. एक नियम करून टाका: जनावर म्हणजे घोडा किंवा घोडी, बोटानं ओढायचा तो चाप, अंगठ्यानं मागे घ्यायची ती हातोडी. ‘हातोडी’ सुताराची वाटते हे मान्य, पण गोंधळापेक्षा बरी. हत्याराला रिव्हॉल्वर म्हणा. ‘नेमबाज’ हा शब्द आपल्याकडे खेळाच्या पानावर गेला. तो ऐकला की स्वप्निल कुसाळे आठवतो, बिली द किड नाही. ‘बंदूकबाज’ ठीक आहे. आणि हो, ‘अलियास स्मिथ अँड जोन्स’मधला किड करी. देवनागरीत हे नाव आमटीत काहीतरी पडल्यासारखं दिसतं. याला उपाय नाही. ‘कि’ ऱ्हस्व ठेवा आणि पुढे चला.

हत्याराची नावं इतकी का घासायची, तर निष्ठा दिसते ती हत्याराच्या कामातच. कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्वर घ्या, वेस्टर्नमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं. चक्रीत काडतुसांची घरं सहा, पण जाणता माणूस पाचच भरतो, कारण हातोडी भरलेल्या काडतुसावर टेकलेली असताना रिव्हॉल्वर पडलं किंवा खोगीर आपटलं तर बार उडू शकतो. भरायची रीत: एक भरायचं, एक घर सोडायचं, पुढची चार भरायची, हातोडी पूर्ण मागे ओढून अलगद खाली सोडायची, ती बरोबर रिकाम्या घरावर बसते. तेव्हा ‘सहा गोळ्या आहेत माझ्याकडे’ असं पात्राच्या तोंडी घालण्याआधी मूळ संवादात आकडा आहे का बघा. नसेल तर घालू नका, जाणकार हसतात.

रिकामं झाल्यावर खरी पंचाईत. हातोडी अर्धी मागे, उजव्या बाजूची झडप उघडायची, नळीखालची दांडी मागे दाबून एक पुंगळी पाडायची, चक्री एक घर फिरवायची, पुन्हा दांडी. सगळ्या पुंगळ्या एकेक करून काढायच्या आणि काडतुसंही एकेक करून घालायची. घाम फुटलेल्या हातांनी हे होईपर्यंत माणूस नुसता उघडा असतो. तेवढा वेळ दुसऱ्यानं त्याच्या दिशेनं येणारी प्रत्येक खिडकी, प्रत्येक छप्पर सांभाळायचं. यासाठीचा इंग्रजी शब्दप्रयोग मराठीत ‘मला कव्हर कर’ किंवा ‘मला संरक्षण दे’ असा येतो. पहिला अर्धा इंग्रजी, दुसरा पोलीस आयुक्तांना केलेला अर्ज. ‘मी भरतोय’ लिहा. दोनच शब्द, आणि मागणी नाही. मी काय करतोय एवढंच सांगितलं. पुढचं तुझं तू बघशील हे गृहीत. हे ‘गृहीत’ म्हणजेच या लोकांची मैत्री.

‘गोळी’ आणि ‘काडतूस’ही वेगळं ठेवा: बंदुकीत भरतात ते काडतूस, अंगात लागते ती गोळी, जमिनीवर पडते ती पुंगळी. काडतुसं एकमेकांकडे फेकायचा प्रसंग आला तर कोणाकडे काय आहे तेही बघा. १८७३ ची विंचेस्टर रायफल .४४-४० मापाच्या काडतुसाची, कोल्टनं त्याच काडतुसाचं रिव्हॉल्वर १८७० च्या दशकाअखेर काढलं, म्हणजे रायफल आणि रिव्हॉल्वरला एकच पट्टा पुरू लागला. .४५ च्या कोल्टमध्ये मात्र ते चालत नाही. या बाबतीत मालिकाच चुकतात हे खरं. ‘वाँटेड: डेड ऑर अलाइव्ह’मध्ये स्टीव्ह मॅकक्वीनच्या कापलेल्या विंचेस्टरला .४४-४० लागतं आणि पट्ट्यात खोचलेली असतात भली मोठी .४५-७० ची काडतुसं, दिसायला रुबाबदार म्हणून. त्यांची चूक आहे, आपण संवादातून वाढवू नये.

एक शब्द असा आहे की त्यावर सगळी नीती फिरते: फाशी. मराठीत फाशी म्हटलं की न्यायाधीश आला, तुरुंग आला, दयेचा अर्ज आला. नेथनला जमाव ‘फाशी’ देत नाही. तो त्याला लटकवतो, झुंडीनं मारायला नेतो. ‘नेथनला फाशी होणार आहे’ असं लिहिलंत की ख्रिस आणि व्हिन कायद्याच्या आड आले असा अर्थ होतो. नेथनला ज्या शिव्या मिळतात त्याही सौम्य करू नका. त्या ऐकू आल्या नाहीत तर दोघं कशाच्या विरुद्ध चालत गेले ते कळणार कसं?

आणि मग ‘लोन्सम डव्ह’. १९८९ ची चार भागांची मालिका, लॅरी मॅकमर्ट्रीच्या कादंबरीवरची. गस मॅक्रे आणि वुड्रो कॉल, टेक्सास रेंजर या सरकारी सशस्त्र दलात आयुष्य काढलेले दोघं. त्यांचा जुना सोबती जेक स्पून चुकीच्या टोळीबरोबर वाहवत जातो. ती टोळी माणसं मारते, हा बरोबर असतो. गस आणि कॉल त्यांना पकडतात आणि सगळ्यांबरोबर जेकलाही झाडाखाली उभं करतात. जेक विनवतो, मग थांबतो. मित्रांनी घोडा हाकायच्या आत तो स्वतःच टाच मारतो. त्यांच्या हातून ते व्हायला नको म्हणून. संपूर्ण वेस्टर्नमध्ये निष्ठेचं याहून अवघड दृश्य आम्हाला ठाऊक नाही, आणि त्या टाचेला संवाद नाही. इथेही न्यायालय नाही, तेव्हा इथेही ‘फाशी’ नको. दोन्हीकडे ‘लटकवणं’ हाच शब्द वापरला की प्रेक्षकाला आपोआप टोचेल: झुंड करते ते आणि रेंजर करतात ते, फरक कुठे?

पुढे गस मोंटानात बाणाच्या जखमेनं रक्त नासून मरतो. एक पाय कापलेला, दुसरा कापू देत नाही. मला टेक्सासात पूर म्हणतो. कॉल कुरकुरतो आणि नेतो. कुरकुर महत्त्वाची आहे. ‘तुझी शेवटची इच्छा मी पूर्ण करीन’ असं काही तुमच्या संहितेत आलं तर ते खोडा आणि वैताग लिहा: ‘एवढ्या लांब?’ कल्पना हवेतली नाही. चार्ल्स गुडनाइट या गुरं हाकणाऱ्यानं आपला भागीदार ऑलिव्हर लव्हिंग १८६७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नरला वारल्यावर त्याचं शव टेक्सासातल्या वेदरफर्डला नेऊन पोचवलं होतं. त्याच गुडनाइटनं बोस इकार्ड या पूर्वी गुलाम असलेल्या सोबत्याच्या थडग्यावर जे कोरून घेतलं त्यात प्रेमाचा शब्द नाही. किती वर्षं बरोबर होता, कामात कधी कसूर नाही, हुकूम मोडला नाही, किती चकमकी पाहिल्या, वागणूक उत्तम. कामाचा दाखलाच. मालिकेत डीट्स या गस-कॉलच्या कृष्णवर्णीय सोबत्याच्या थडग्यावर तशीच पाटी आहे. ती भाषांतरताना सेवापुस्तिकेची भाषा सोडू नका, हुंदका घालू नका.

कॉलचीच दुसरी बाजूही आहे. न्यूट हा त्याचा मुलगा, हे सगळ्यांना माहीत. कॉल त्याला आपली घोडी देतो, आपल्या बापाचं घड्याळ देतो, नाव देत नाही. कणखरपणा तोंडाला कुलूप लावतो तो असा. त्या घोडीचं नाव, ‘हेल बिच’, मात्र अनुवादकाला मेजवानी आहे. आमची शिफारस ‘कैदाशीण’.

कणखर हा शब्द आला म्हणून: सगळ्यांना एकच विशेषण चिकटवू नका. मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. फेस्टस काटक, ते शरीराचं. चेस्टर चिवट, सोडत नाही. बक खमक्या, ते तोंडाचं. ख्रिस निबर, बायको-मुलगा जळून गेल्यावर वर साल आलेला. कॉल कठोर. ‘निर्ढावलेला’ शत्रूसाठी ठेवा, त्यात लाज गेल्याचा वास आहे. जखमेबद्दल बोलताना ‘काही नाही, खरचटलंय’ हे उत्तर सगळ्यांनी द्यायचं नसतं. त्या काळात खांद्यात घुसलेली गोळी खरचटणं नव्हतीच. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना जुलै १८८१ मध्ये गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपली आणि सप्टेंबरमध्ये ते जंतुसंसर्गानं गेले. प्रेक्षकाला ही भीती असली तरच ‘बांध आणि चल’ या वाक्याला वजन येतं.

पदनामं थोडक्यात. शेरीफ परगण्याच्या मतदारांनी निवडलेला, गावचा मार्शल बहुधा गावानं नेमलेला, यूएस मार्शल केंद्र सरकारचा. तिघांनाही ‘फौजदार’ म्हणू नका, आणि ‘इन्स्पेक्टर’ तर नकोच. ‘मार्शल’ म्हटल्यावर आपल्याकडे विधानसभेतून आमदारांना उचलून बाहेर नेणारे आठवतात, पण दोन भागांत कान सरावतो. शेरीफबरोबर पाठलागाला निघालेल्या गावकऱ्यांना ‘टोळी’ म्हणाल तर दरोडेखोर कोण तेच कळेनासं होईल. ‘शेरीफची माणसं’ पुरे. उपकाराची परतफेड सुचवणारा ‘ऑब्लाइज्ड’ हा जो शब्द हे लोक आभारासाठी वापरतात, त्याला ‘आभारी आहे’पेक्षा ‘उपकार झाले’ जवळचं.

‘अलियास स्मिथ अँड जोन्स’ (१९७१ ते १९७३, ५० भाग) करत असाल तर एक जास्तीची काळजी. हेज आणि करी या दोन फरारी दरोडेखोरांच्या डोक्यावर प्रत्येकी दहा हजार डॉलरचं इनाम. गव्हर्नरनं माफीचं गुपचूप कबूल केलंय, पण वर्षभर सरळ वागलात तर. तोवर कोणीही पकडू शकतो. म्हणजे एकानं दुसऱ्याला विकलं तर आयुष्यभराची सोय. हे ते कधी बोलून दाखवत नाहीत, फक्त दर भागात एकमेकांवर चिडतात. चारचौघांत ते खोटी नावं वापरतात, एकटे असताना खरी. नावांची ही अदलाबदल चुकली तर कथानकच फुटतं, आणि सबटायटलमध्ये जागा वाचवायला नाव गाळायची सवय इथे घात करते.

जागेचं गणित तर माहीतच आहे: दोन ओळी, ओळीला साधारण ४२ अक्षरं. पण बरीच सॉफ्टवेअर्स मात्रा आणि हलन्त वेगळे मोजतात. ‘मित्र’ दिसायला दोन अक्षरं, मोजणीत पाच. म्हणून जोडाक्षरी संस्कृत शब्द जागाही खातात आणि बंदूकबाजाच्या तोंडात शोभतही नाहीत. ‘विश्वास’ सात, ‘भरवसा’ पाच. ‘निष्ठा’ सहा, ‘इमान’ चार. इमान घ्या.

शेवटचं, तुम्ही म्हणाल आपल्याकडे ‘शोले’ आहे, लोकांना दोस्ती मोठ्यानं ऐकायची सवय आहे. ‘शोले’ १९७५ चा, वेस्टर्नचंच खाल्लेला. त्यात दोस्तीचं गाणं आहेच. पण जय मेल्यावर वीरूच्या हाताला काय लागतं? दोन्ही बाजू सारख्या असलेलं नाणं. प्रत्येक वेळी छापा-काटा करून जयनं निर्णय नशिबावर सोडल्याचं दाखवलं, आणि शेवटी स्वतः मागे राहायचं ठरवलं तेही त्याच नाण्याआड. त्या जागी सलीम-जावेद यांनी जयच्या तोंडी खुलाशाचं वाक्य ठेवलेलं नाही.

तेव्हा एवढं करा: काम हाती घेताना पहिल्या दिवशी तू-तुम्हीचा तक्ता आणि हत्यारांच्या शब्दांची यादी संहितेच्या पहिल्या पानावर लावा, दोन्ही पुढच्या भागांच्या अनुवादकाला आणि ध्वनिमुद्रण दिग्दर्शकालाही द्या, आणि तपासणाऱ्याला सांगा की जिथे ‘आवाज नाही’ लिहिलंय तिथे खरोखरच काही ऐकू येता कामा नये.

कळावे.

आपले,
वेस्टर्न मालिका पुन्हा पुन्हा पाहणारे काही प्रेक्षक